अभ्यासाचा विसरलेला जोडीदार

दासबोधाच्या चौदाव्या दशकात चातुर्यलक्षणाचा समास आहे. त्यात समर्थ रामदासांनी माणसाच्या गुणांची सरळ वाटणी केली आहे. रूप, वर्ण, डोळ्यांची दृष्टी, कानांचे ऐकणे या गोष्टी जन्माबरोबर येतात आणि त्यांच्यापुढे अभ्यासाचे काही चालत नाही, हे ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. मग ते दुसऱ्या प्रकारच्या गुणांकडे वळतात. मूर्खपण, वाईट सवयी, चुकीची विद्या हे सारे टाकले तर जाते. शहाणपण, चांगले वागणे, बोलण्याचालण्यातले तारतम्य हे शिकले तर येते. माणूस स्वतःला हवे तसे घडवू शकतो, असा सरसकट दावा त्यात नाही. जे बदलणार नाही त्यापुढे डोके आपटू नये आणि जे बदलू शकते ते नशिबावर सोडू नये, इतकी ती मांडणी नेमकी आहे. आज ‘ग्रोथ माइंडसेट’ या नावाने व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत, शाळांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणांत जे शिकवले जाते, त्यातला खरा भाग सतराव्या शतकातल्या या समासात आलेला आहे. पण त्या प्रशिक्षणांत आणखी एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती समर्थांनी सांगितलेली नाही: स्वतःला वाढवत राहिलात की यश मिळणारच. माझा वाद या दुसऱ्या विधानाशी आहे. क्षमता वाढते हे माणसाविषयीचे सत्य आहे. ती वाढली की यश येते, हे मात्र फार तर कधीकधी खरे ठरणारे अनुमान आहे. या दोहोंची गाठ मारली की दुसऱ्याचा खोटेपणा पहिल्याला लागतो, आणि ज्या विश्वासाने माणूस उभा राहायचा तोच विश्वास त्याला पाडतो.

आधी जे खरे आहे त्याचा पाया पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या विषयावर अनेक दशके काम केले. त्यांचे २००६ सालचे ‘माइंडसेट’ हे पुस्तक जगभर वाचले गेले. त्यांचा आणि क्लॉडिया म्यूलर यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे. पाचवीच्या वयाच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे म्हटले. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यांत सगळ्यांचीच फजिती झाली. शेवटी पुन्हा पहिल्याइतक्याच सोप्या कोड्यांचा संच ठेवला. मेहनतीचे कौतुक झालेली मुले आता पहिल्यापेक्षा पुढे गेली होती, हुशारीचे कौतुक झालेली मागे पडली होती. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी आपले गुण लिहायला सांगितल्यावर, हुशार म्हटल्या गेलेल्या दर पाचांतल्या जवळजवळ दोन मुलांनी ते वाढवून लिहिले. एका वाक्याच्या कौतुकाने दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर खोटे बोलण्याची वेळ आली, हे मला त्या प्रयोगातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वाटते. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

मेंदू प्रौढ वयातही बदलतो, याचाही पुरावा आहे. लंडनमधल्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास करणाऱ्या उमेदवारांच्या मेंदूंची तपासणी काही वर्षांच्या अंतराने दोनदा केली. जे परवान्यापर्यंत पोचले, त्यांच्या मेंदूतला ठिकाणांची स्मृती सांभाळणारा भाग वाढलेला आढळला. जे पोचले नाहीत त्यांच्यात तसा बदल दिसला नाही. बुद्धीचे मोजमाप सुरू करणाऱ्यांपैकी एक, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने, यांनीही बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि न वाढणारी गोष्ट आहे, या मताला विसाव्या शतकाच्या आरंभीच विरोध केला होता. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, तो नाकारून चालणार नाही. पण एखादा गुण वारशाने येतो म्हणजे तो गोठलेला असतो असे नव्हे. उंची बरीचशी आईवडिलांकडून येते, तरी पोषण सुधारल्यावर गेल्या शतकात कितीतरी देशांतली माणसे उंच झाली. सरावाने सगळेच साधते, असेही पुरावा म्हणत नाही. २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात माणसामाणसांच्या कामगिरीतला जो फरक सरावाने उलगडतो तो संगीतात सुमारे एकपंचमांश आणि खेळांत त्याहून थोडा कमी निघाला. बाकीचे सारे दुसरीकडून येते. रामदासांची दोन भागांतली वाटणी इथे पुन्हा आठवावी.

आता त्या खोटे गुण लिहिणाऱ्या मुलांकडे वळतो. त्यांच्यात काय बिघडले होते? अवघड कोड्यांनंतर त्यांची चिकाटी आणि कोडी सोडवायची हौस कमी झाली होती, पण मूळ बिघाड तो नव्हता. त्यांना एवढेच कळले होते की आपण कोण आहोत हे निकालावरून ठरते. म्हणून वाईट निकाल लागला तेव्हा त्यांना निकाल लपवावा लागला, कारण लपवला नसता तर स्वतःच नाहीसे झाल्यासारखे झाले असते. प्रयोगाचा नेहमीचा अर्थ ‘हुशारीचे कौतुक नको, कष्टांचे करा’ इतकाच लावला जातो. मला त्यात याहून खोल काही दिसते. माणसाला दुबळे करते ती फळाशी बांधलेली ओळख. मग कष्टांचे कौतुक करतानाही आपण ‘कष्ट कर म्हणजे पहिला येशील’ असे म्हणत असू, तर ती बांधणी तशीच राहते, फक्त दोरीचे टोक बदलते. मुलगा कष्ट करतो, पहिला येत नाही, आणि आता त्याच्याजवळ हुशारी नसल्याची सबबही उरत नाही. कष्टही कमी पडले, असा ठपका त्याच्यावर येतो. वाढीचे नाव घेऊन आत शिरलेली ही तीच जुनी गोठलेली मनोवृत्ती आहे. ड्वेक यांनीही पुढे आपल्या कल्पनेच्या अशा वरवरच्या वापराविषयी इशारा दिला. मात्र त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच यशाचे मानसशास्त्र असा शब्दप्रयोग आहे, आणि ते पुस्तक जगभर त्याच आश्वासनावर पोचले.

भारतीय विचारात या प्रश्नाला एक नेमके उत्तर आहे आणि ते जोडीने येते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखे चंचल आहे, ते आवरणे अशक्य दिसते. श्रीकृष्ण ती तक्रार खोडून काढत नाही. मन आवरणे कठीण आहे हे मान्य करून तो दोन उपाय सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात हीच जोडी याच क्रमाने येते, आणि पुढे अभ्यासाच्या अटीही येतात: तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा, आदराने केलेला हवा. दोन वेगळ्या ग्रंथांनी ही दोन नावे एकत्र ठेवावीत, हा योगायोग नाही. ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायात अभ्यासाची जी थोरवी गायली आहे तिला तोड नाही. अभ्यासाच्या बळावर कोणी आकाशातून चालतात, कोणी वाघसापांना माणसाळवतात, कोणाला विषही पचते, अशी उदाहरणे ते एकामागून एक देतात. ‘तुम्ही काहीही करू शकता’ असे सांगणाऱ्या कोणत्याही वक्त्याला हेवा वाटावा अशा त्या ओव्या आहेत. पण ज्या श्लोकावर त्या आहेत, त्याच्यापुढे दोनच श्लोकांवर कर्मफळाचा त्याग येतो, आणि ज्ञानेश्वर तिथेही तितक्याच जिव्हाळ्याने थांबतात. आपण पहिल्या ओव्या भाषणात वापरतो आणि दुसऱ्या कीर्तनासाठी राखून ठेवतो. मुळात त्या एकाच उपदेशाच्या दोन पायऱ्या आहेत.

या जोडीची गरज आज कुठे भासते, हे पाहायचे असेल तर स्पर्धा परीक्षांकडे पाहावे. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलेमुली तिथे बारा-बारा तास बसतात, मेसचे जेवण जेवतात, एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला अलीकडे एका वर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज आले आणि निवड झाली हजाराच्या आसपास. आता समजा, या दहा लाखांपैकी प्रत्येकाने वाढीची मनोवृत्ती पुरेपूर अंगी बाणवली, प्रत्येकाची आकलनशक्ती, लेखन, चिकाटी दुपटीने वाढली. तरीही निवड हजाराचीच होणार. वाढीला संख्येची मर्यादा नाही, यशाला आहे. एकाची समज वाढल्याने दुसऱ्याची कमी होत नाही, पण एकाला मिळालेले पद दुसऱ्याला मिळत नाही. हे साधे गणित ज्या शिकवणीत नाही, ती शिकवणी नऊ लाख नव्याण्णव हजार तरुणांना एकच निष्कर्ष काढायला लावते, की आपल्यातच काहीतरी कमी होते. सहा-सात वर्षांच्या प्रयत्नांनंतर गावी परतणाऱ्या मुलाच्या मनावर हे ओझे असते. ते ओझे एका चुकीच्या तर्कातून आले आहे, आणि तो तर्क आपण मोठ्यांनी प्रोत्साहनाच्या नावाखाली त्याच्या हाती दिला आहे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा येईल की, वैराग्याच्या गोष्टी पोट भरलेल्यांना परवडतात. ज्याच्या घरी दीड एकर कोरडवाहू जमीन आहे आणि बहिणीचे लग्न थांबले आहे, त्याला फळाची आशा सोड असे सांगणे क्रूरपणाचे आहे. आणि आशा सोडली तर तो पहाटे पाच वाजता उठेल कशासाठी? हा आक्षेप मला अर्धा पटतो. नोकरी हवी असणे ही चूक नाही, आणि रामदासांनीही प्रपंच नीट करायला सांगितला आहे. वैराग्य म्हणजे नोकरी नको असणे नव्हे. नोकरीच्या यादीत नाव नसले म्हणजे मी नाही, हा हिशेब मोडणे म्हणजे वैराग्य. दिशा ठरवण्यासाठी ध्येय लागते, पण वाटेत रोजचे माप म्हणून तेच ध्येय वापरता येत नाही, कारण ते शेवटच्या दिवसापर्यंत शून्यच दाखवते. मग रोजचे माप कोणते? दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ हस्ताक्षरावर आहे. अक्षर कसे असावे, टाक कसा असावा, शाई कशी, कागद कसा, समास किती सोडावा, हे रामदास बारकाईने सांगतात. तरुणपणी फार बारीक अक्षर काढाल तर म्हातारपणी ते उपयोगी पडणार नाही, इतकी काळजी ते घेतात. आणि कसोटी काय, तर ग्रंथ संपेपर्यंतचे शेवटचे अक्षर पहिल्यासारखेच दिसावे. कोणाच्या अक्षरापेक्षा सुंदर, किंवा किती मोल मिळाले, हा प्रश्नच तिथे नाही. कामाची कसोटी कामातच आहे. ज्याच्याजवळ अशी कसोटी आहे तो रोज संध्याकाळी सांगू शकतो की काल कळत नव्हते ते आज कळले की नाही. पहाटे उठायला एवढे कारण पुरते, आणि ते निकालाच्या आदल्या दिवशीही पुरते, नंतरच्या दिवशीही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. सारे प्रारब्धात लिहिलेले असेल तर वाढीची भाषा कशाला? आणि संतांनी तर समाधानाने राहायलाच सांगितले आहे ना? तुकोबांचे दोन अभंग या वादात हमखास समोरासमोर उभे केले जातात. एकात सायास आणि अभ्यासाने असाध्यही साधते असे आश्वासन आहे. दुसऱ्यात देवाने ज्या स्थितीत ठेवले तीत चित्त समाधानी असू द्यावे असा सल्ला आहे. एकाच माणसाने दोन्ही म्हटले म्हणून तो गोंधळला होता असे मानण्याचे कारण नाही. पहिला अभंग हातांविषयी बोलतो, दुसरा चित्ताविषयी. हात कामात आणि चित्त समाधानात, ही वारकऱ्याची रोजची रीत आहे. सावता माळ्याचा मळा आणि गोरा कुंभाराचे चाक तीवरच चालत होते. दैवाच्या प्रश्नावर योगवासिष्ठ आणखी ठाम आहे. वसिष्ठ रामाला सांगतात की ज्याला लोक दैव म्हणतात तो आपलाच पूर्वीचा प्रयत्न आहे, आणि आजचा प्रयत्न व कालचा प्रयत्न हे दोन मेंढ्यांसारखे एकमेकांना टकरा देत असतात. त्यांत जो बळकट तो जिंकतो. मला या मतातला जोम आवडतो, तरी ते पूर्ण सत्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यात दुसऱ्यांच्या कर्मांना जागा नाही. गीतेचा अठरावा अध्याय इथे अधिक शहाणा आहे. कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे तो मोजतो: आधारभूत स्थान, करणारा, साधने, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवे दैव. दैव या यादीत आहे, पण पाचांपैकी एक म्हणून. आणि करणाराही पाचांपैकी एकच आहे. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे त्याच प्रकरणात पुढे म्हटले आहे. ‘माझे यश माझ्या एकट्याच्या मेहनतीचे’ म्हणणारा आणि ‘माझे अपयश माझ्या एकट्याच्या दोषाचे’ म्हणणारा, दोघेही इथे एकच चूक करतात.

या पाच कारणांतले पहिले आणि तिसरे, म्हणजे आधार आणि साधने, हा माझ्या मते सगळ्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. २०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तासाभरापेक्षाही कमी वेळाच्या ऑनलाइन पाठात मुलांना बुद्धी वाढते हे शिकवले होते. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण चार गुणांच्या मोजपट्टीवर साधारण एकदशांश इतकेच. टीकाकार म्हणतात, एवढ्याशा फरकासाठी एवढा गाजावाजा? टीका रास्त आहे. चमत्काराची भाषा करणाऱ्यांनी ती ऐकली पाहिजे. पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्या शाळांत अवघड प्रश्नाला भिडणे ही सोबत्यांमध्ये मानाची गोष्ट होती, तिथे परिणाम अधिक दिसला. मनातला विश्वास एकट्याने फार दूर जात नाही, त्याला भोवतालची संमती लागते. महाराष्ट्राला हे शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीला कारणांची साखळी मांडली, तिच्यात विद्या आधी येते आणि मती नंतर. विद्या नाकारली म्हणून मती गेली, आणि मतीपाठोपाठ नीती, गती, वित्त गेले. बुद्धी जन्माने मिळते असे मानणाऱ्या समाजाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते, आणि ते नुसते मत नव्हते. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना अक्षराचा अधिकार नाही असे शतकानुशतके सांगितले गेले, त्यांच्यातली एक मुलगी शाळेत गेल्यावर अवघ्या काही वर्षांत धर्मालाच प्रश्न विचारू लागली. क्षमता होती, वाढायला जागा नव्हती. जातिव्यवस्था हीच मुळी समाजाच्या पातळीवरची गोठलेली मनोवृत्ती होती, आणि एकट्या माणसाने स्वतःविषयीचा विचार बदलून ती वितळणारी नव्हती. एकलव्याकडे अभ्यास कमी नव्हता. त्याचा अंगठा गेला तो अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, तो पुरेसा झाला म्हणून. वाढीची शिकवण देणाऱ्या संस्थेने म्हणून आधी स्वतःला विचारावे की इथे वाढलेल्या माणसाचे आपण काय करतो. हा प्रश्न टाळून केवळ मुलांच्या मनोवृत्तीवर बोट ठेवणे म्हणजे पाच कारणांपैकी चार झाकून एकाला आरोपी करणे होय.

राहता राहिला अर्जुनाचाच एक प्रश्न. सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्याचे उत्तर मिळाल्यावर तो लगेच विचारतो: श्रद्धा होती, पण प्रयत्न अपुरा पडला, वाट मध्येच सुटली, त्याचे काय? इकडचा नाही, तिकडचा नाही, फाटलेल्या ढगासारखा तो विरून तर जात नाही ना? दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात हा प्रश्न इतक्या कळवळ्याने विचारला गेला, याचे मला आश्चर्य वाटते, कारण यशाच्या पुस्तकांत तो क्वचितच भेटतो. श्रीकृष्णाचे उत्तर असे, की अशा माणसाचा नाश होत नाही. पुढच्या जन्मी तो पूर्वीच्या समजेपासूनच पुन्हा सुरुवात करतो. ज्यांची पुनर्जन्मावर श्रद्धा आहे त्यांना हे उत्तर पुरेसे आहे. ज्यांची नाही त्यांना त्यातले जन्मांतर बाजूला ठेवूनही एक गोष्ट घेता येईल, की मिळवलेली समज ही मिळवणाऱ्याचीच राहते, पद मिळो वा न मिळो. राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र सहा वर्षे वाचलेला तरुण गावी परततो तेव्हा तो रिकामा परतत नाही. ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचता येणारा, सात-बाऱ्यावरची चूक तहसीलदाराला पुराव्यानिशी दाखवू शकणारा, दहावीच्या पोरांना नागरिकशास्त्र जिवंत करून शिकवू शकणारा माणूस त्या गावाला मिळालेला असतो. त्याच्या घरच्यांनी, गावाने आणि सर्वांत आधी त्याने स्वतः त्याला ‘नापास’ या एका शब्दात बसवू नये. सहा वर्षांपूर्वी तो गावातून गेला तेव्हा यातले काहीच त्याला येत नव्हते.